वली पर्वत, तालुका खुलताबाद

मुन्शी मास्तर फळ्यावर मराठी लिहायला उभे राहिले की त्यांचा हात आधी फळ्याच्या उजव्या टोकाला जायचा. खडू टेकायचा, एक पांढरा ठिपका उमटायचा, आणि मग त्यांना आठवायचं की ही भाषा दुसऱ्या बाजूनं निघते. 'अरे हौ' असं स्वतःशीच पुटपुटत ते फळ्यासमोरून चालत डाव्या टोकाला जायचे आणि तिथून पहिलं अक्षर काढायचे. एका तासात असे सहा-सात ठिपके सहज व्हायचे. मुलं ते मोजायची. मीही व्हरांड्यातून जाता-येता मोजायचो आणि मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत आकडा जाहीर करायचो. तेव्हा मला ते फार विनोदी वाटायचं.

मी सव्वीस वर्षांचा होतो. मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि इकडच्या शाळांना मराठी शिकवणारी माणसं कमी पडू लागली, त्या भरतीत मी नगरहून औरंगाबादेला आलो. गोदावरी ओलांडून आपण जणू मराठी भाषाच डोक्यावर घेऊन आलो आहोत, असा माझा थाट होता. 'लई' म्हणणाऱ्या मुलाला मी 'पुष्कळ' म्हणायला लावायचो. मुन्शी मास्तरांनी पहिल्याच आठवड्यात माझं नाव 'पंडित' ठेवलं. त्यात टोमणा होता की कौतुक, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. बहुधा दोन्ही असावं.

मुन्शी हेही काही त्यांचं आडनाव नव्हतं. ते शेंद्र्याजवळच्या एका गावातल्या शेतकरी घरातले. कपाळाला गंध, अंगात बंद गळ्याचा कोट. निजामाच्या काळात शिकले, म्हणजे पहिलीपासून पदवीपर्यंत सगळं उर्दूत. भूगोल उर्दूत, गणित उर्दूत, दगडधोंड्यांचं शास्त्रसुद्धा हैदराबादला जाऊन उर्दूतच. जमिनीचे जुने कागद वाचून घ्यायला खेड्यापाड्यांतून, छावणीतून माणसं शाळेच्या फाटकाशी यायची आणि 'मुन्शीजी हायेत का?' म्हणून विचारायची. तेच नाव चिकटलं. रोज पहिल्या तासाआधी ते एका वहीतून रामरक्षा म्हणायचे. ती वहीही उर्दू अक्षरांत लिहिलेली. मी एकदा छेडलं तर म्हणाले, "देवाला अक्षरं नाय दिसत, पंडित. त्याला आवाज कळतो."

पण खात्याला अक्षरं दिसत होती. पोलीस अॅक्शननंतर शाळेची भाषा बदलली आणि उर्दूत शिकलेल्या शिक्षकांना मराठीची परीक्षा लावली गेली. तीन संधी. मुन्शी मास्तर दोनदा नापास झाले होते. तिसऱ्यांदाही राहिले तर मॅट्रिकच्या वर्गाचा भूगोल त्यांच्या हातून जाणार होता. बाकी कशाचीच त्यांना फिकीर नव्हती. हेडमास्तरांना ते एकदा माझ्यादेखत म्हणाले, "साहेब, हुद्दा घ्या, खुर्ची घ्या. वर्ग तेवढा राहू द्या." हेडमास्तरांनी मला सांगितलं, रोज शाळा सुटल्यावर तासभर यांना शिकवा. मला आनंद झाला. आपल्या दुप्पट वयाच्या माणसाला शिकवण्यात एक गुर्मी असते, ती मला चढली.

ते स्वतः शिकवायचे कसे, हे मी या तासामुळेच पाहिलं, कारण मी वेळेआधी जाऊन मागच्या बाकावर बसायचो. पार्सलांवर मोहोर करायची लाल लाख असते, तिच्या दोन कांड्या ते जूनमध्ये वर्गात आणायचे. एक कांडी दोन दौतींवर आडवी ठेवायची आणि सगळ्यांना ताकीद द्यायची, "हिला कोणी हात लावायचा नाय." दुसरी हातात धरून पट्टीनं एक फटका. तुकडे पोरांच्या पायांपर्यंत उडायचे. दौतींवरची कांडी मात्र तशीच पडून असायची. दसऱ्याच्या सुमारास ते मुलांना जवळ बोलावून दाखवायचे तेव्हा ती आपल्याच वजनानं मधोमध खाली वाकलेली असायची.

"लाख एकच," ते म्हणायचे. "झटका दिला, तुटली. सबुरीनं घेतलं, वाकली. जमिनीच्या पोटात दगड बी तसाच हाय. वरून वजन, खालून आंच, बाजूनं रेटा, आन् वेळ म्हनाल तर लाखो वर्सं. मंग दगड बी घडी घालून घेतो. वरचा दगड थंड, त्याला वाकनं जमत नाय, तो मोडतो. मोडून एक बाजू खाली सरकती, एक वर ऱ्हाती." मग ते कुणाच्या तरी डब्यातली ताजी भाकरी मागायचे आणि स्वतःच्या कोटाच्या खिशातून कालची काढायचे. ताजीची सहज घडी व्हायची. शिळीची घडी घालायला ते पहिल्या बाकावरच्या पोराला बोलवायचे. पोरगं अपराधी चेहऱ्यानं दोन तुकडे हातात धरून उभं राहायचं आणि वर्ग खो खो हसायचा. नगरला माझ्या मास्तरांनी हाच धडा मला चार ओळींत पाठ करायला दिला होता.

वर्षातून एकदा ते मॅट्रिकच्या मुलांना शहरामागच्या लेण्यांच्या डोंगरावर चालत न्यायचे. त्या वर्षी मीही गेलो. लेण्यांबाहेरच्या उघड्या कड्यावर हात ठेवून त्यांनी थर दाखवले, एकावर एक, सरळ. हा सगळा मुलूख तापलेल्या रसाचा, तो वाहिला, थिजला, पुन्हा वर वाहिला, असं सांगितलं. उभ्या भेगा दिसतात त्या थिजताना पडलेल्या. "बाजूनं कोणी रेटलंच नाय आपल्याला," ते म्हणाले, "म्हनून हितं शिकन नाय." शिकन हा त्यांचा आवडता शब्द. कपड्याला पडते ती चुणी आणि खडकाला पडते ती घडी, दोन्ही त्यांच्या उर्दूत शिकन. एका मुलानं विचारलं, इथं भूकंप होईल का? मास्तर म्हणाले, "किताब म्हनती नाय होनार. पन किताब लिवनारा काय खाली उतरून बघून आला नव्हता." परत येताना मला हळूच म्हणाले की तीस वर्षं शिकन शिकवली, डोळ्यांनी एकही पाहिली नाही. एकदा हिमालयात जायचं होतं, नुसता हात लावून यायचं होतं.

संध्याकाळच्या तासाला मात्र मी गुरू. ऱ्हस्व-दीर्घानं ते जेरीस यायचे आणि जोडाक्षरांपुढे हात टेकायचे. खडक मोडून सरकण्याला नव्या पुस्तकात दिलेला 'प्रस्तरभंग' हा शब्द त्यांना तीन दिवस लिहिता आला नाही. चौथ्या दिवशी लेखणी ठेवून म्हणाले, "पंडित, डोंगर तुटताना एवढा आवाज करत नाय हो." मी हसलो, पण दहादा लिहून घेतला. त्यांनी मुकाट्यानं लिहिला. उर्दू लिहिताना ज्या हाताकडे बघत राहावंसं वाटायचं, तोच हात मराठी लिहिताना बिगारीतल्या पोरासारखा जड व्हायचा. ते बघून मला वाईट वाटायचं, असं आज म्हणावंसं वाटतं. खरं सांगायचं तर तेव्हा वाटत नव्हतं.

आणि मग तो शब्द आला. घड्या पडून तयार झालेल्या पर्वतांना नव्या पुस्तकात 'वली पर्वत' म्हटलं होतं. वली म्हणजे संस्कृतातली सुरकुती. पण औरंगाबादेत वली म्हटलं की अल्लाचा प्यारा, संत. शेजारच्या खुलताबादेत तर पावलोपावली त्यांचे दर्गे. मास्तरांनी वर्गात तो शब्द अक्षर-अक्षर लावून वाचला आणि त्यांचा चेहरा उजळला. इतक्या परक्या शब्दांच्या गर्दीत एक ओळखीचा भेटला होता. "वली! लिवा रे पोरांनो," ते म्हणाले. "खुलताबादेत वली झोपलेत ना, त्यांचं नाव ध्यानात ठेवा, म्हंजे हे नाव इसरायचं नाय. आन् खरा वली पर्वत कोन्चा? हिमालय. पुन्हा म्हना, हिमालय." मी मागच्या बाकावर होतो. हे सगळं मी माझ्या कानांनी ऐकलं आहे, म्हणून पुढचं सांगायला जड जातं.

सहामाहीचे भूगोलाचे पेपर त्यांच्यासोबत मीही तपासत होतो, कारण शेरे मराठीत लिहायचे होते. एका पोरानं उत्तर लिहिलं होतं : 'वली पर्वताचे उदाहरण : खुलताबादचा डोंगर. कारण तेथे पुष्कळ वली आहेत.' पुढे आणखी तिघांनी तेच. एकानं तर तालुक्यासकट पत्ता दिला होता. मी खुर्चीवरून पडायचा बाकी राहिलो. मास्तरांना दाखवलं तर तेही डोळे पुसेपर्यंत हसले आणि म्हणाले, "च्यायला, निम्मंच ऐकलं पोट्ट्यांनी." दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गात ते दुरुस्त केलं. पण मी तोवर शिक्षकांच्या खोलीत नक्कल करून मोकळा झालो होतो, अडखळत वाचण्यासकट, फळ्याच्या उजव्या टोकाच्या ठिपक्यासकट. मुन्शी मास्तरांचे 'वली मास्तर' झाले. हाक मारली की ते 'ओ' द्यायचे.

त्या दिवाळीत त्यांनी तिसऱ्यांदा परीक्षा दिली. निकाल यायचा होता, तेवढ्यात संक्रांतीच्या सुमारास खात्याचे इन्स्पेक्टर शाळा बघायला आले. साहेब पुण्याकडचे. हेडमास्तरांनी मला मुद्दाम चहाला बोलावलं, साहेबांच्या बोलीतलं कोणीतरी बरोबर असावं म्हणून. साहेब फारसे बोलत नव्हते. मला त्यांच्या डोळ्यांत भरायचं होतं. बशीत चहा ओतता ओतता मी म्हणालो, "साहेब, आमच्या शाळेनं नवा वली पर्वत शोधलाय," आणि सगळी गंमत रंगवून सांगितली. मास्तरांनी हिमालय म्हटलं होतं, ते मी सांगितलं नाही. ते सांगितलं असतं तर गंमत गेली असती.

साहेब हसले नाहीत. त्यांनी खिशातून छोटी वही काढली, दोन ओळी लिहिल्या आणि विचारलं, "हा तास आज आहे का?" होता. साहेब वर्गात गेले आणि त्यांनी नेमकं वली पर्वताचं उदाहरण विचारलं. समोर साहेब बघून घाबरलेलं पहिल्या बाकावरचं पोर ताडकन उभं राहून म्हणालं, "खुलताबाद." मी दाराशी उभा होतो. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं आणि ओशाळं हसले, जणू माझ्याच शिकवणुकीला त्यांनी कमीपणा आणला होता. एक वाक्य बोलायचं होतं. बोललो नाही.

महिन्याभरात हुकूम आला. मॅट्रिकचा भूगोल मराठीत शिकलेल्या शिक्षकाकडे द्यावा. माझा पदवीला भूगोल होता, त्यामुळे तो माझ्याकडेच आला. मास्तरांना नकाशांची आणि सामानाची खोली दिली. किल्ल्या त्यांच्या हाती, वर्ग माझ्या हाती. आणखी तीन आठवड्यांनी परीक्षेचा निकाल लागला. मास्तर पास झाले होते. पेढे घेऊन आधी माझ्याकडे आले. "तुमची मेहनत हाय ही, पंडित," म्हणाले. तो पेढा मी कसा गिळला ते माझं मला माहीत.

पास झालो म्हटल्यावर त्यांना पुन्हा आशा वाटू लागली. वर्ग परत मिळावा म्हणून खात्याकडे अर्ज करायचा त्यांनी ठरवलं आणि तो लिहायला माझ्याकडेच आले. नकाशांच्या खोलीत दुपारी बसलो. ते सांगत होते, मी शुद्ध मराठीत उतरवत होतो. वलीचा मुद्दा आला तेव्हा ते खिडकीबाहेर बघू लागले. म्हणाले, "आसं लिवा. ही गोष्ट साहेबांच्या कानावर कोन्या सहकाऱ्यानं हसन्यावारी घातली असंल. त्याच्या मनात वंगाळ नसनार. त्याला दोष देऊ नये, ही इनंती." मी लिहिलं, 'सदर सहकाऱ्याचा हेतू वाईट नसावा, तरी त्यास दोष देऊ नये, ही नम्र विनंती.' माझ्या हातानं, माझ्या वळणदार अक्षरात. त्यावर त्यांनी मराठीत सही केली. तेव्हा तरी सांगायला हवं होतं. आम्ही दोघंच होतो आणि दार लोटलेलं होतं.

उत्तर एका ओळीचं आलं. 'आपला अर्ज विचारात घेता येत नाही.' मास्तरांनी ते मोठ्यानं वाचलं. मराठीची एक पूर्ण ओळ ते न अडखळता वाचत होते, ही माझ्या ध्यानात आलेली पहिलीच वेळ. कागदाची घडी घालून त्यांनी कोटाच्या खिशात ठेवली आणि त्या दिवसापासून वर्गाचा विषय काढला नाही.

पुढची पाच-सहा वर्षं ते त्या खोलीत होते. नकाशे झटकायचे, फाटलेल्या कडांना मागून कापड चिकटवायचे, माझ्या तासाला लागेल तो नकाशा आधीच काढून ठेवायचे. मी लाखेच्या कांड्या, भाकरी वगैरे काही केलं नाही. पुस्तकातलं वाचून दाखवायचो. कधी कधी मधेच जाणवायचं की व्हरांड्यात कोणीतरी उभं आहे. मी बघितलं की ते पुढे निघून जायचे. संध्याकाळचं आमचं बसणंही थांबलं. शिकवण्यासारखं उरलं नव्हतं हे खरं, पण मी टाळत होतो हे जास्त खरं. त्यांच्याशी बोलताना माझी नजर त्यांच्या बटणांवर असायची.

ते निवृत्त झाले त्या दिवशी हेडमास्तरांनी मला भाषण करायला सांगितलं. मी सुंदर भाषण केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. फाटकापर्यंत मी त्यांची पिशवी घेऊन गेलो. पिशवी हातात घेताना ते म्हणाले, "पंडित, गावाला या एकदा. आयतवारी या, सावकाश बोलू." मी नक्की येतो म्हणालो. शेंद्रा काही लंडन नव्हतं, जालना रस्त्यानं अर्ध्या तासाची एसटी. पण कधी पेपर, कधी पाहुणे, कधी डोकं दुखलं. सबबींना तोटा नव्हता. अशी तीन वर्षं गेली.

मग कोयनेला भूकंप झाला. माणसं गाडली गेल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत रोज येत होत्या. त्या आठवड्यात मी वर्गात पुस्तकातलं वाक्य वाचत होतो की दख्खनचं पठार हा अत्यंत स्थिर भूभाग आहे, आणि वाचता वाचता मी पुस्तक खाली ठेवलं. त्याच दख्खनचा काळा, आडव्या थरांचा दगड कोयनेला होता, आणि त्याच्या पोटातलं काहीतरी मोडलं होतं. हे पहिल्यांदा कुणाला सांगावं, तर ज्याला ते कळेल असा एकच माणूस मला ठाऊक होता. येत्या रविवारी जायचंच, आणि भूकंपाचं बोलता बोलता ते दुसरंही सांगून टाकायचं, असं मी पक्कं केलं. मनात वाक्यंसुद्धा जुळवली.

दार त्यांच्या बायकोनं उघडलं. पांढरं कपाळ बघून मला कळलं. दिवाळीच्या आधीच गेले होते, दोन दिवसांच्या तापानं. शहरात कुणाला कळवायचं राहून गेलं, असं त्या म्हणाल्या. मी ओट्यावर बसलो. त्यांनी पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि समोर बसून तुरीच्या शेंगा सोलू लागल्या. मग मला राहवेना. म्हणालो, "वहिनी, साहेबांना ती वलीची गोष्ट मीच सांगितली होती. माझ्यामुळे त्यांचा वर्ग गेला."

त्यांनी वर पाहिलं नाही. "ठाऊक हाय, भाऊजी," म्हणाल्या. "अर्ज लिवून घेतला त्या दिसापासून त्यांना ठाऊक व्हतं."

"मग मला बोलले का नाहीत कधी?"

"म्हनायचे, म्या काढलं तर पंडित लाजंल. त्याचा त्यो सांगंल, मन हलकं व्हईल त्याचं." एक शेंग त्यांच्या हातात तशीच राहिली. "निवृत्त झाल्यापासून दर आयतवारी दुपारच्या यष्टीच्या टायमाला हितं ओट्यावर येऊन बसायचे. उन्हाचं, थंडीचं. म्या म्हनायचे, काहून बसता हो भाईर? तर म्हनायचे, पंडित आला तर त्याला घर सापडायचं नाय."

एसटी थांबते तिथून ते चौथं घर होतं. मला कुणाला विचारावंसुद्धा लागलं नव्हतं.